चार वाक्यांचा व्हिडिओ

शिवलीला मठपती कबनूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला रुजू झाली ती सत्त्याण्णव साली. तिचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, अगदी हद्दीला लागून. घरात कन्नड, शाळेत मराठी. लहानपणी वर्गात तोंड उघडलं की पोरं फिदीफिदी हसायची, कारण तिच्या मराठीत 'तो भाकरी' आणि 'ती दगड' असा गोंधळ ठरलेला असायचा. चौथीपर्यंत ती जवळजवळ मुकीच होती. पाचवीत इंग्रजी आलं आणि तिला हायसं वाटलं. या भाषेत सगळेच कच्चे होते, हसणार कोण कुणाला? तिथंच ती बोलायला शिकली.

म्हणूनच कबनूरची पोरं तोंड उघडत नाहीत हे तिला फार लागायचं. बहुतेक पोरं यंत्रमागवाल्यांची. घराशेजारी, घराखाली, कुठंकुठं घरातच माग. लहानपणापासून त्या खडखडाटात वाढल्यामुळं मैदानावर ती ओरडून बोलायची, पण इंग्रजीचा तास सुरू झाला की माना खाली. प्रश्नोत्तरं पाठ करून लिहायची, मार्कही मिळवायची, आणि 'व्हॉट इज युवर नेम' विचारलं की घाम फुटायचा.

दोन हजार आठच्या दिवाळीला तिच्या भावानं, सोमशेखरनं, बेंगळुरूहून येताना तिला कॅमेऱ्याचा मोबाईल आणला. त्यावर मिनिटभराचा व्हिडिओ निघायचा, जास्त नाही. एकदा नववीच्या तासाला तिनं सहज मोबाईल पुढं धरला आणि एका मुलाला नाव सांगायला लावलं. तो अडखळला. तिनं त्याला त्याचाच व्हिडिओ दाखवला. तो स्वतःकडं बघतच राहिला आणि म्हणाला, बाई, परत घ्या, मी नीट बोलतो. मग सगळा वर्गच मोबाईलभोवती गोळा झाला. स्वतःचा आवाज ऐकायला पोरं हपापलेली होती. आपली चूक आपणच पकडायची आणि पुन्हा बोलायची. महिन्याभरात वर्ग बोलायला लागला. हेडमास्तरांनाही कौतुक वाटलं.

पुढं तिनं मोबाईल एकेका मुलाकडं एका संध्याकाळपुरता घरी द्यायला सुरुवात केली. घरातली एखादी वस्तू किंवा एखादं माणूस दाखवायचं आणि त्याच्याबद्दल चार वाक्यं बोलायची. कुणी म्हैस दाखवली, कुणी आजोबांची काठी.

साक्षीची पाळी आली तेव्हा तिनं बहीण दाखवली.

साक्षीचा बाप ज्ञानू अण्णासोंच्या कारखान्यात माग चालवायचा. शेडच्या मागं पत्र्याची एक खोली होती, तिथंच चौघं राहायची. अण्णासो म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. शाळेच्या संस्थेवर संचालक, आणि शिवलीलाच्याच समाजाचे. ती नोकरीला लागली तेव्हा त्यांनी तिला घरी बोलावून जेवू घातलं होतं.

व्हिडिओत मागासाठी कांड्यांवर सूत भरायचं कांडी मशीन दिसत होतं, आणि त्यापुढं पाटावर बसलेली एक बारकी पोरगी. केसांत कापसाची रुई. साक्षी मागून खणखणीत बोलत होती, "धिस इज माय सिस्टर सुजाता. शी इज नाइन इयर्स ओल्ड. शी डझ नॉट गो टू स्कूल. शी फिल कांडी फॉर द लूम."

शिवलीलानं तो घरी दोनदा पाहिला. वाक्यं एकदम सरळ, उच्चार स्वच्छ. फक्त 'फिल'ला 'एस' राहिला होता. दुसऱ्या दिवशी तिनं साक्षीला ते समजावलं आणि मोबाईल पुन्हा घरी दिला. साक्षीनं व्हिडिओ पुन्हा घेतला. या वेळी 'फिल्स' होतं. शिवलीलानं तिच्या पाठीवर थाप मारली.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. संगणकाच्या सरांनी भाड्यानं प्रोजेक्टर आणला आणि पांढऱ्या चादरीवर मुलांचे व्हिडिओ लावले. म्हैस आली तसा मंडप हसला. साक्षीचा व्हिडिओ आला तेव्हा टाळ्या पडल्या, कारण एवढं स्पष्ट इंग्रजी कुणीच बोललं नव्हतं. पुढच्या रांगेत कोल्हापूरहून आलेले एक अधिकारी पाहुणे बसले होते. त्यांनी शेजारी बसलेल्या अण्णासोंकडं वाकून हसत विचारलं, हा कारखाना कुणाचा? अण्णासोही हसले. शिवलीला कडेला उभी होती. तिनं तो प्रश्न ऐकला. साक्षीची वाक्यं तिला त्या क्षणी पहिल्यांदा मराठीत ऐकू आली. बहीण नऊ वर्षांची आहे. ती शाळेत जात नाही.

आठवड्यात साक्षीचं बाक रिकामं झालं. शाळेचा शिपाई जोतीराम ज्ञानूच्याच गल्लीत वाढलेला. तपासणीला माणसं येणार अशी कुणकुण लागल्यावर अण्णासोंनी बारकी पोरं कामावरून काढली आणि ज्ञानूला खोली रिकामी करायला लावली, असं जोतीरामनं सांगितलं. तपासणी झाली तेव्हा शेडमध्ये मोठी माणसंच होती. कागद चोख निघाले.

शिवलीला अण्णासोंच्या घरी गेली. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. तिनं विनवलं की चूक माझी आहे, ज्ञानूला परत घ्या.

"बाई, तुमच्यावर माझा राग न्हाय," अण्णासो म्हणाले. "तुम्ही आमच्यातल्या हाय. पण त्याची पोरगी लोकांपुढं माझ्या शेडची भानगड सांगती, आन मी त्याला ठेवून घेऊ?"

"तिनं भानगड नाही सांगितली. बहिणीची ओळख करून दिली."

"मग करून द्या की ओळख. दुसऱ्या कुठल्या शेडात."

दुसऱ्या कुठल्याच शेडात ज्ञानूला कुणी उभं केलं नाही. सगळे मालक एकमेकांना ओळखत होते, आणि पोरीनं व्हिडिओ काढल्याची बातमी त्याच्या आधी तिथं पोचलेली असायची. शेवटी बायको शेवंता आणि दोन्ही पोरींना घेऊन तो कळंब्याकडच्या एका गुऱ्हाळावर कामाला गेला. शाळेत हेडमास्तरांनी शिवलीलाला बोलावून सांगितलं की मोबाईल आता घरीच ठेवा. तिनं मान हलवली. तिला भांडता आलं असतं. ती भांडली नाही.

फेब्रुवारी सरता सरता जोतीरामनं तिला व्हरांड्यात गाठलं. सुजाताचा हात चरकात गेला होता. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं.

शिवलीला तशीच अर्धी रजा टाकून गेली. बालविभागात शेवटच्या खाटेवर सुजाता झोपली होती. उजवा हात मनगटापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला, आणि त्या गुंडाळीचा आकारच सांगत होता की आत बोटं नाहीत. शेवंता खाली फरशीवर बसली होती. ती उठली नाही. साक्षी उशाशी उभी होती. महिन्याभरात ती वाळली होती.

"चरकातली चिपाडं ओढाय लावलं व्हतं तिला," साक्षी म्हणाली. "ओढता ओढता हात गेला. कांडीवर बसून हुती तवा असलं काय झालं न्हवतं."

शिवलीला म्हणाली, "मी ते वाक्य ऐकलंच नव्हतं गं साक्षी."

"ऐकलं की बाई," साक्षी शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्हीच तर परत म्हणाय लावलं."

त्यानंतर शिवलीला सुट्टी मिळेल तशी कळंब्याला जात राहिली. गुऱ्हाळाचा हंगाम संपला तरी ज्ञानू तिथंच मालकाच्या रानात राबायला राहिला होता. जून उजाडला तेव्हा ती साक्षीला तिथल्याच शाळेत घालायचं ठरवून गेली. दाखला तिनं स्वतः हेडमास्तरांपुढं ठाण मांडून काढून आणला होता. खोपटाबाहेर शेवंता भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. साक्षी आता मजुरीनं रानातलं तण काढायला, भांगलायला जाते, असं तिनं सांगितलं. मग पीठ लागलेले हात झटकत म्हणाली, "तुमचं मन चांगलं हाय बाई, मला ठावं हाय. पण आता पुरं झालं."

शिवलीलानं साक्षीकडं बघितलं. साक्षी खुरपं घेऊन बांधाकडं निघाली होती. तिनं वळून पाहिलं नाही.

दाखला शिवलीलानं पर्समध्येच ठेवला. निघावं म्हणून ती उठली, तेवढ्यात आतून सुजाता आली. तिनं डाव्या हातात चहाचा कप धरला होता आणि उजवा आखूड हात खालून टेकू द्यायला लावला होता. चालताना चहा हिंदकळत होता. शेवंता बघत होती, पण मदतीला उठली नाही. पोरीला सवय व्हायला पाहिजे होती. सुजातानं कप पुढं केला. शिवलीला पुन्हा खाली बसली आणि दोन्ही हातांनी तिनं तो घेतला.