आरशावरचं कार्ड

तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं. तिथल्या राजधानीतल्या शिवाजीनगरात अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, शिंपीकामाचं दुकान होतं. मागच्या खोलीत थोरली बहीण, अक्का, आणि मी काजं-बटणं करायचो. तिथेच आम्ही एक भाषा बनवली, कारण मराठी घराला कळायची आणि कन्नड सगळ्या गल्लीला.

अक्षरं मी निवडली. शाळेत इंग्रजी मलाच होतं. त्यातल्या c चा मला तिटकारा होता. कधी क, कधी स, लाजच नाही. मी ते हाकलूनच दिलं. एका आवाजाला एकच अक्षर. दातांतून काढलेल्या फुसकाऱ्याला q, टाळूवरच्या टक् आवाजाला x. अक्का म्हणायची, "स्वल्प सोपं कर गं." मी ढिम्म. त्या भाषेत आम्ही मुख्यतः अण्णांची टिंगल करायचो. त्यांच्या घोरण्याला, पिंक टाकण्याला शब्द होते, आणि ते सगळे एका वहीत होते.

अक्काला सीमेकडच्या गावात दिली. त्या घरात सुनेचं पत्र सासरा आधी वाचायचा, मग टपालात टाकायचा. चार महिन्यांनी तिचं कार्ड आलं, आमच्या भाषेत. सासऱ्याला ते इंग्रजी वाटलं असणार. अण्णांनाही तसंच वाटलं. त्यांनी ते दुकानातल्या आरशावर चिकटवलं.

"नोडी, बघा, आमची पोर इंग्रजीत लिहिते," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. गिऱ्हाइकं मान डोलवून आपली बाही बघायची.

कार्डात होतं: इथे मारतात. अण्णांना पाठव.

मी ते रोज वाचत होते. सांगितलं असतं तर भाषा सांगावी लागली असती, मग वही निघाली असती. मार बसेल म्हणून मी गप्प बसले. मार बसेल म्हणून! आजही मला माझी शिसारी येते.

दिवाळसणाला अक्का आली. मनगटावर काळानिळा डाग. आरशापाशी ती थबकली.

"तुला वाचता नाही आलं?"

"अक्षरं विसरले गं."

"सरी, बरं," ती म्हणाली. "अवघडच होती ती."

पाडव्यानंतर जावई तिला घेऊन गेले. अण्णांनी त्यांना आहेर म्हणून लोकरीचा कोट शिवला होता. त्याची बटणं मी लावली.