बाईसाहेबांचा डोळा

शर्ट शिवण्याच्या त्या कारखान्यात प्रत्येकीला एकच काम. कोणी बाह्या जोडते, कोणी काजं करते, आणि खिडकीजवळच्या मशीनवर बसते ती फक्त कॉलरी शिवते. म्हणून ती सगळ्यांची कॉलरताई. कॉलर उलटवताना टोक अणकुचीदार यावं, पण फाटू नये, यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

घरी मात्र तिच्या नणंदेचं मत वेगळं. "वहिनीचा हात जड आहे," हे ती कप फुटला तरी म्हणे आणि न फुटला तरी. त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाला निघालेली नणंद मांजरीची टोपली घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा कॉलरताईला आधी खरंच वाटेना.

"हिला बाईसाहेब म्हणायचं, नाहीतर ढुंकून बघत नाही. तुझ्याशिवाय कोणाकडे ठेवू, वहिनी?"

ते "तुझ्याशिवाय" कॉलरताईने पुढे कितीतरी दिवस मनात घोळवलं.

आणि अशातच बाईसाहेबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळू लागलं. कोपऱ्यात तपकिरी चिपड धरू लागलं. कॉलरताईने लगेच पुसायला घेतलं. घरातलं वापरातलं फडकं कसं चालेल? दुसऱ्याची ठेव! तिने कारखान्यातून पांढऱ्या कापडाची कात्रणं आणली, कोरी करकरीत. येता-जाता ती डोळा पुसू लागली. जेवढी पुसे तेवढा डोळा लाल होई. शेवटी तो अर्धा मिटला आणि बाईसाहेब पंजाने तो चोळत बसू लागल्या.

रोज संध्याकाळी नणंदेचा व्हिडिओ कॉल. "दाखव ना गं तिला."

"झोपल्यात, वन्सं."

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब पलंगाखाली होत्या, तिसऱ्या दिवशी माळ्यावर.

"उद्या सांग, ऑफिसला गेल्यात," नवरा म्हणाला.

"तुम्हाला थट्टा सुचतेय! डोळा गेला तर काय तोंड दाखवू मी त्यांना?"

तिने कपाटातून डोळ्यात घालायच्या थेंबांची जुनी बाटली काढली. नवऱ्याने ती हातातून घेतली. "हे माझ्या डोळ्याचे थेंब आहेत. मांजरीला कोण घालतं? डॉक्टरकडे चल. माझी बहीण एक वेळ मला सोडेल, तुला सोडायची नाही."

जनावरांची डॉक्टर म्हणजे बारीक चणीची, हसरी बाई. तिने बाईसाहेबांना टॉवेलात गुंडाळलं, डोळ्यात रंगाचा थेंब टाकला आणि निळा दिवा धरून बघितलं.

"बुबुळावर ओरखडा नाही. किरकोळ आहे. पण चुरचुरतंय खूप. पुसता कशाने?"

"अगदी कोऱ्या कापडाने, डॉक्टर. पाणीसुद्धा लागलेलं नाही त्याला."

बोलता बोलता ती थांबली. कोऱ्या कापडात खळ असते, ताठपणासाठी लावलेली. नवीन ताग्यावर काम केलं की तिचीच बोटं खाजायची. कामावर नवी मुलगी आली की तीच बजावत असे, या हाताने डोळे चोळू नकोस.

"अगं बाई! खळ!" कॉलरताई मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे त्रास मीच वाढवला."

"आता थांबवाही तुम्हीच," डॉक्टर म्हणाली. पाणी उकळून गार करायचं. त्यात कापूस भिजवून चिपडावर जरा वेळ धरायचा, मऊ झालं की नाकाकडून बाहेर अलगद पुसायचं. दर वेळी नवा बोळा. माणसांचं औषध अजिबात नाही. "घाण पिवळी-हिरवी झाली, डोळा धुरकट दिसला किंवा उघडेनासा झाला, तर वाट न बघता घेऊन या. आणि चोळू देऊ नका. गळ्यात घालायची एक रुंद कॉलर मिळते..."

"कॉलर?" नवरा म्हणाला. "डॉक्टर, ती विकत घेतली तर ही मला घरात घेणार नाही."

कॉलरताईने कडक अस्तर घातलेली रुंद कॉलर शिवली; वरचं कापड मात्र जुन्या, शंभरदा धुतलेल्या चादरीचं. ती घालून बाईसाहेब एखाद्या समारंभाच्या प्रमुख पाहुण्यासारख्या दिसू लागल्या, आणि तेवढ्याच रुसलेल्या.

लाली हळूहळू उतरली. मग एका सकाळी कॉलरताईने कापसाचा बोळा पुढे केला, तर बाईसाहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"अहो, या इकडे! बघा कशी रागाने बघतेय!"

"दोन्ही डोळ्यांनी," नवरा वाकून बघत म्हणाला.

कॉलरताई हसायला लागली आणि हसता हसता पदराने स्वतःचेच डोळे पुसू लागली. मग तिने आपणहून फोन लावला. बाईसाहेबांना मांडीवर घेतलं आणि कोऱ्या कापडापासून सगळं सांगून टाकलं.

नणंदेने पडद्यावरच्या मांजरीचा डोळा निरखून पाहिला. "वहिनी, सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं."

"म्हणूनच तर घशात अडकलं होतं, वन्सं."

मागे बाळाने टाहो फोडला. नणंदेने तिकडे वळून बघितलं. "इकडे पोरीला एकटीला जमेलसं दिसत नाही. मला आणखी राहावं लागेल. बाईसाहेबांना तोवर..."

"राहू द्या हो! मी कुठं घालवतेय?" कॉलरताई इतक्या घाईने बोलली की मांजर दचकली.

"तेच म्हणत होते. आणि हे बघ, उद्या फोन कर, पण मांजर दाखवायला नको. तू जरा पोरीशी बोल. माझं काही ऐकत नाही ती."