जॉयस्टिकला फळी

"तिच्याकडे द्या. ती नाही म्हणणार नाही. ती काहीच म्हणत नाही."

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी हातात सोल्डरिंग आयर्न धरून बसले होते. बोलणारे सबनीस, आमचे सेल्स मॅनेजर. ऐकणारे करंदीकर सर, कंपनीचे मालक. आणि 'ती' म्हणजे मी, ट्रेनी इंजिनियर, टेस्टिंग डिपार्टमेंट. डिपार्टमेंटमध्ये मी एकटीच होते.

पार्टिशन इतकं पातळ होतं की पलीकडे कोणी चहात साखर ढवळली तरी मला कळायचं. सबनीसांना ते माहीत होतं. पण गप्प बसणाऱ्या माणसाला ऐकूही येत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. माझी शाळा कॉन्व्हेंटची. तिथे बोलायचं असेल तर हात वर करायचा आणि बाईंनी नाव घेईपर्यंत थांबायचं. ऑफिसात मी हात वर करत नव्हते, पण थांबायची सवय राहिली होती. 'बोल' म्हणून माझं नाव कोणी घेत नव्हतं.

आमची कंपनी अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात होती. आम्ही स्टॅबिलायझर बनवायचो. व्होल्टेज वरखाली झालं तर टीव्ही जळू नये म्हणून मध्ये बसवायचा डबा. तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी स्टॅबिलायझर असायचाच. पण रंगीत टीव्ही घरोघरी यायला लागले आणि करंदीकर सरांच्या डोक्यात व्हिडिओ गेम आला. टीव्हीच्या मागे वायर खोचायची, की पडद्यावर चौकोनी ठोकळ्यांचा एक माणूस उड्या मारायला लागायचा. आतला सर्किट बोर्ड बाहेरून येणार होता. त्या माणसाला हलवायची जॉयस्टिक मात्र आपली आपण निवडून इथेच बनवायची होती. 'तिच्याकडे द्या' म्हणत होते, ते हे काम.

नमुने दोन होते. पहिला मुठीत मावणारा, काळ्या प्लॅस्टिकचा, वर काडीएवढी दांडी. दुसरा पार्लरसारखा. स्टेशनजवळ तेव्हा व्हिडिओ गेमची पार्लर निघाली होती. अंधारी खोली, माणसाच्या उंचीची कपाटं आणि त्यांना चिकटून उभी असलेली कॉलेजची पोरं. त्या कपाटांवर असते तशी जाड दांडी, टोकाला लाल गोळा, बाजूला बोटांनी बडवायचं बटण आणि खाली पत्र्याचा डबा. हा डबा इस्टेटमधल्याच एका फॅब्रिकेटरने करून दिला होता.

"गिऱ्हाइकाला पार्लरची मजा घरी पाहिजे," सबनीस म्हणाले. "हा काडीवाला म्हणजे कान कोरायचं मशीन वाटतं."

सरांना काडीवाला पसंत होता. पॅकिंगला सुटसुटीत. त्यांनी तो स्वतः खेळून बघायला घेतला आणि थोड्याच वेळात दांडी त्यांच्या हातात आली.

"मी जोर लावलाच नव्हता," सर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

तेव्हा ठरलं, पार्लरवाला घ्यायचा. काडीवाल्याचा दुसरा नमुना कपाटात गेला.

जॉयस्टिकच्या पोटात काही जादू नसते. दांडीच्या चार बाजूंना चार छोटे स्विच. दांडी जिकडे कलते तिकडचा स्विच दबतो आणि पडद्यावरचा माणूस तिकडे चालायला लागतो. मी माझ्या बेंचवर चारही बाजू हजारदा कलवून बघितल्या. माणूस निमूट चालला. मग सरांनी काही नमुने स्टाफच्या घरी ट्रायलला दिले.

आठवड्याभरात सगळे परत आले. सगळ्यांची एकच तक्रार. माणूस उजवीकडे जात नाही.

"देसाई, स्विच बदला," सर म्हणाले.

मी बदलले. बेंचवर लावून बघितलं. चालत होतं. घरी गेलं, बंद. परत आलं, चालू. मग सरांनी दुसऱ्या जातीचे स्विच आणले. तेही माझ्याकडे शहाण्यासारखे वागले. मी प्रत्येक डब्याला 'नो फॉल्ट फाउंड' अशी चिठ्ठी लावत गेले.

"हिच्यासमोर काम करतं, पब्लिक आलं की बंद," सबनीस पार्टिशनपलीकडे म्हणाले. "जॉयस्टिक आहे का सरकारी कारकून?"

मला हसू आलं. पण पुढचं वाक्य सरांचं होतं. "सोमवारी मेहता शेठ येतोय. लॅमिंग्टन रोडच्या निम्म्या दुकानांना तोच माल देतो. त्याला जॉयस्टिक पटली तर दिवाळीचा माल निघेल. नाही पटली तर मी गेमचा नाद सोडला. आपले स्टॅबिलायझर बरे. मग गेमसाठी घेतलेल्या ट्रेनीला तरी ठेवून काय करू?"

गेमसाठी घेतलेली ट्रेनी त्या दिवशी जेवली नाही.

संध्याकाळी सर स्वतःच म्हणाले, "देसाई, एकदा कोणाच्या तरी घरी जाऊन बघून या. सबनीस, तुमच्याकडे जाऊ दे."

"माझ्याकडे?" सबनीस म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माझ्याइतका बारीक झाला.

शनिवारी दुपारी मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले. ऑफिसात टाय लावणारे सबनीस बनियन-लेंग्यात होते. टीव्ही लाकडी कॅबिनेटमध्ये, त्याला सरकतं शटर, वर भरतकामाचा रुमाल, खाली आमचाच स्टॅबिलायझर. समोर सोफा होता, पण सोफ्यावर कोणी नव्हतं. जॉयस्टिकची वायर खोलीच्या मध्यापर्यंतच पुरत होती. सबनीस लादीवर मांडी घालून बसले आणि डबा पुढ्यात ठेवला.

"आता बघ हं," ते म्हणाले.

पडद्यावर उजवीकडून राक्षस आला. त्याच्यावरून उडी मारून पुढे जायचं होतं. सबनीसांनी दांडी उजवीकडे दाबली. दांडी कललीच नाही. सगळा डबाच गुळगुळीत लादीवरून उजवीकडे सरकला. त्यांनी आणखी जोरात दाबली. डबा आणखी सरकला. सबनीस त्याच्यामागून बसल्या बसल्या सरकले. पडद्यावरचा माणूस जागच्या जागी उभा होता. राक्षसाने त्याला गिळलं तेव्हा डबा सोफ्याखाली आणि सबनीस सोफ्याला टेकलेले होते.

"बघितलंस? उजवीकडे जात नाही!"

मला माझा बेंच आठवला. ऑफिसात प्रत्येक जॉयस्टिक मी माझ्या टेस्ट बेंचला चार स्क्रूंनी आवळून टेस्ट करत होते. पार्लरमध्ये ती अख्ख्या कपाटाला पक्की बसवलेली असते. घरी खाली फक्त लादी असते. स्विच बिचारे निर्दोष होते.

सबनीसांनी डबा मांडीवर घेतला. दांडीबरोबर डबाही कलंडायला लागला. चटईवर ठेवला, तर चटईसकट चालला. डाव्या हाताने धरून ठेवला, तर बटण दाबायला हात उरेना. शेवटी त्यांनी आत हाक मारली, "अगं, जरा येऊन धर!"

सबनीस काकू आल्या. दोन्ही हातांना नारळाचा कीस. त्यांनी कोपरांनी डबा दाबून धरला आणि सबनीस खेळले. माणूस उजवीकडे गेला, उडी मारली, पुढच्या राक्षसापर्यंत पोचला.

"अगं, हलू नकोस ना!"

"अहो, मी नारळ खवू का तुमचा डबा धरू? दोन माणसं लागतात असला कसला तुमचा गेम?" काकू उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात विळीवर जाऊन बसल्या.

काकूंनी एक पाय दुमडला. दुसरं पाऊल विळीच्या फळीवर ठेवलं. दोन्ही हातांनी नारळाची वाटी दाबून दाबून फिरवायला लागल्या. चांगला जोर लागत होता. विळी तसूभरही हलत नव्हती. आमच्या पार्ल्याच्या घरी आई रोज हेच करते. मी कधी बघितलं नव्हतं, कारण स्वयंपाकघरात मी पाणी प्यायला जायचे.

मी बघत राहिले. काकूंनी ओशाळून पाऊल साडीत ओढून घेतलं.

"काय गं, टाचेच्या भेगा काय बघतेस?"

"फळी," मी म्हटलं.

सोमवारच्या आधी मध्ये एकच रविवार होता. मी इस्टेटमधल्या सुताराकडून एक फळी कापून घेतली. तिच्या एका टोकावर जॉयस्टिकचा डबा पक्का बसवला. उरलेली फळी खेळणाऱ्याच्या दिशेने. त्यावर पाऊल ठेवायचं, दोन्ही हात मोकळे. गाळ्यात लादीवर बसून मी बघितलं. माणूस उजवीकडे गेला. डबा जागच्या जागी.

सोमवारी सकाळी मी तो नग सरांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?"

"विळी, सर. पातं नसलेली."

सबनीस इतके हसले की त्यांना टाय सैल करावा लागला. पण सरांनी दार लावून घेतलं, पँट वर ओढून खाली बसले आणि थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अरे, मेला राक्षस!"

इथवर सगळं ठीक होतं. पुढचा घोटाळा इंजिनियरिंगचा नव्हता.

आमच्याकडे कुठलाही नवा नग गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी त्याची पूजा व्हायची. स्टॅबिलायझरच्या प्रत्येक मॉडेलची झाली होती. सरांनी जॉयस्टिक देवाच्या फोटोपुढे ठेवली, उदबत्ती लावली, लाल गोळ्यावर झेंडूचं फूल ठेवलं. मग कुंकवाचं स्वस्तिक काढायला जागा शोधली. डब्यावर दांडी आणि बटण. फळी मात्र ऐसपैस मोकळी होती. सरांनी बोट ओलं करून फळीच्या मधोमध सुरेख स्वस्तिक काढलं. मी बघितलं. म्हणावंसं वाटलं. पण सरांचे डोळे मिटलेले होते.

मेहता शेठ आले. गोरे, जाडजूड, सफारी सूटमधले. पूजेची जागा बघून त्यांनी बूट दारातच काढले. सबनीसांनी त्यांना खुर्ची दिली आणि नग टेबलावर त्यांच्यासमोर सरकवला. फळीचं टोक शेठच्या पोटाला लागलं.

"हे काय, पाटला? बसायचा पाट?"

"स्टाइल आहे, शेठ," सबनीस म्हणाले. "फॉरेनला आता असंच असतं."

"शेठ, हे खाली बसून खेळायचं," सरांनी सांगितलं. "आपल्याकडे सगळे टीव्हीसमोर खालीच बसतात ना."

शेठना हे पटलं. ते खाली बसले. मी टीव्ही लावला. सर म्हणाले, "आता पाऊल त्या फळीवर..." आणि थांबले. त्यांना आपलंच स्वस्तिक दिसलं.

शेठनाही दिसलं. त्यांनी उचललेलं पाऊल तसंच मागे घेतलं, फळीला हात लावून तो कपाळाला लावला आणि दोन्ही पाय जपून शरीराखाली दुमडून घेतले. मग खेळायला लागले.

दांडी उजवीकडे. फळी उजवीकडे. शेठ उजवीकडे. राक्षसाने माणूस गिळला.

"परत लावा." परत लावला. परत गिळला. तिसऱ्या वेळी फळी शेठच्या गुडघ्याला लागून फूल खाली पडलं, आणि शेठनी खेळ सोडून आधी फूल उचललं.

"शेठ, पाय जरा... म्हणजे, तसं नाही... पण थोडा..." सर म्हणाले. स्वतःच्या हाताने काढलेल्या स्वस्तिकावर पाय ठेवा, असं कसं सांगणार? सबनीस छताचा पंखा न्याहाळत होते.

"करंदीकरभाई, हे तर फिरतं सगळं," शेठ म्हणाले. "जमेल असं वाटत नाही. दुसरा पीस होता म्हणत होते ना, मुठीतला? तो दाखवा. नाहीतर राहू दे. मला दादरला जायचंय."

सबनीस काडीवाला आणायला कपाटाकडे वळले. शेठ एक हात जमिनीला टेकून उठायला लागले.

पुढचं आधीच सांगून टाकते. दिवाळीचा माल गेला, फळीसकट गेला. मेहता शेठनी स्वतःच्या घरी एक ठेवला, आणि त्यांच्या कंबरेचं दुखणं त्यामुळेच सुरू झालं असं त्यांच्या घरचे म्हणत. मी कन्फर्म झाले. पुढे बाहेरून हलक्या, सुबक जॉयस्टिक यायला लागल्या आणि आमची फळी बंद पडली, पण तोवर ती पुष्कळ घरांत फिरली होती. धडा म्हणाल तर एवढाच. जी वस्तू लोक जसे बसून वापरणार, तसंच बसून ती टेस्ट करावी. आणि पूजा करायची ती पॅकिंगच्या खोक्याची करावी.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी शेठ अर्धवट उठलेले होते आणि मी "एक्सक्यूज मी, सर" म्हटलं. कोणालाही ऐकू आलं नाही. आणखी एकदा म्हटलं. सबनीस कपाटात हात घालून काडीवाला शोधत राहिले.

मग मी शेठच्या समोर गुडघ्यांवर बसले. फळीला हात लावून नमस्कार केला. पर्समधून रुमाल काढला आणि सरांचं स्वस्तिक पुसून टाकलं. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून, लाकूड दिसेपर्यंत. सबनीसांच्या हातातला काडीवाला लादीवर पडला आणि त्याची दांडी निखळली.

सगळे माझ्याकडे बघत होते. नाव कोणी घेतलं नव्हतं. तरी मी पार्टिशनपलीकडे जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं,

"शेठ, देवाचं झालं. आता पाय ठेवा."