मागाचा खड्डा

आमच्या वडिलांनी घर बांधलं ते आधी खड्डा खणून. विणकरांत तशीच रीत. माणूस मागावर बसतो, पण पाय जमिनीखालच्या खड्ड्यात असतात. म्हणून खड्ड्याची जागा ठरली की मग भिंती. शुक्रवार पेठेत जागा पुरेना, तेव्हा आम्ही काही विणकरांनी गावाबाहेरच्या सखल काळ्या रानात घरं बांधली. खड्डे सगळ्यांनी उन्हाळ्यात खणले. जमीन ठणठणीत कोरडी होती, तिनं आम्हाला चांगलंच फसवलं.

पावसाळ्यात पाणी वरून नाही, खालून आलं. वडील सकाळी आधी खड्डा उपसायचे, मग विणायला बसायचे. पाय कायम पांढरे, सुरकुतलेले. लुगड्यांवर बुरशीचे डाग पडले की व्यापारी ती परत पाठवायचा.

शेवटी वस्तीनंच म्युनिसिपालिटीकडे नाला मागितला. मागायला वडील सगळ्यांत पुढे. ओव्हरसियर आले, त्यांनी उतार पाहिला आणि चुन्याची रेघ थेट आमच्या दारातून आत नेली. आमचंच घर सगळ्यांत खोलगट जागी होतं. यात कुणाचं काय चुकलं हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्याचाच राग येतो.

"आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला की," आई म्हणाली.

"पानी उताराकडंच जातंय," वडील म्हणाले. "मी न्हाय म्हनलो तर समद्यांचे माग बुडत्याल."

घर पाडलं. आम्ही जवळच भाड्याच्या खोलीत राहिलो. तिथं मालक खड्डा खणू देईना. माग विकून वडील गिरणीत लागले. काम उभ्यानं, संध्याकाळी पाय सुजलेले. नाला मात्र चालला. पुढच्या पावसाळ्यात वस्तीतला एकही खड्डा भरला नाही. शेजारच्या मागांचा आवाज दिवसभर कानावर यायचा आणि आई येताजाता नाल्याला शिव्या घालायची.

खंडेनवमी आली. घरोघरी माग पुसले, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. आमच्याकडे पुजायला काही नव्हतं. आई ताट घेऊन बाहेर पडली, ती शेजारी गेली असेल असं मला वाटलं. ती नाल्यावर गेली होती. आमचा खड्डा होता तिथल्या दगडी काठाला तिनं हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. गिरणीला सुट्टी होती. वडील मागून आले, काठावर बसले, आणि सवयीनं पाय खाली सोडले.