पळसाची पत्रावळ, उभ्याने

तमाम नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या शहरातल्या हॉटेलवाल्यांनी एका दुपारी पृथ्वी वाचवली. तिला वाचायला अडीच तास लागले. त्यात जेवण धरून.

माझं बसस्टँडसमोर कचोरीचं हॉटेल आहे, पण लोक मला ओळखतात माईकसाठी. सत्कार असो की शोकसभा, सूत्रसंचालन माझंच. त्यामुळे आमच्या संघटनेने थर्माकोल-प्लास्टिक बंद, सगळीकडे पळसाच्या पत्रावळी, असा ठराव केला तेव्हा टाळ्या वाजवून घ्यायला मीच होतो.

पत्रावळी करणारी बाई पिंपळगाव राजाकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीची. या मोहिमेच्या उद्घाटनाचं जेवण नीट पार पडलं तर वर्षभराची ऑर्डर तिलाच, असं ठरलं. तिने शेजारच्या तिघींना सोबत घेतलं, ऐन वेचणीत कापसावर जाणं सोडलं आणि पंधरा दिवस बांबूच्या काड्यांनी पानं टाचत बसली. ऑर्डर मिळाली तर चौघींना पुन्हा दुसऱ्याच्या शेतात जावं लागणार नव्हतं. हे तिनेच मला सांगितलं होतं, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

जेवणाच्या दिवशी पत्रावळींचे गठ्ठे घेऊन चौघी मंगल कार्यालयात आल्या. बाईने हॉलभर नजर फिरवली.

"सतरंज्या कुठीसा हायेत?"

"बुफे आहे, मावशी," अध्यक्ष म्हणाले. हे आमचे एसी हॉटेलवाले, मनगटात सोन्याचं कडं.

"पत्रावळ हातात धरत नसतात, साहेब. भुईवर ठेवा लागते. लोकाईले खाली बसवा."

"अवो, इटालियन फरशी हाय! तिच्यावर कोणी बसते काय?"

मी हसलो. सगळ्यात मोठ्यांदा मीच.

आता ऐका. बुफेत होतं काय? वरण-बट्टी! पळसाचं पातळ पान एका हातावर, त्यात कुस्करलेली बट्टी, त्यावर कढत वरण, आणि दुसऱ्या हाताने नमस्कार. प्रमुख पाहुण्यांनी पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात तो पराक्रम केला. पत्रावळ मधोमध वाकली आणि वरण थेट कोपरापर्यंत गेलं. पाहुणे असे नाचले की मला वाटलं, कार्यक्रमपत्रिकेत लावणी राहूनच गेली होती. अध्यक्षांचं कडं तुपात न्हालं. एका डॉक्टरीणबाईंच्या पैठणीवर वांग्याची भाजी बसली, ती उठेना.

सगळे गुन्हेगार शोधू लागले. माईक माझ्या हातात होता.

"मावशींनी टाके बहुतेक डोळे मिटून घातले!" मी म्हणालो.

हॉल खदखदून हसला. तो हशा मला आजही ऐकू येतो आणि, लाज सोडून सांगतो, जमला होता. त्यातच तिची ऑर्डर गेली.

"क्वालिटीच नाही," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी बोट हलवलं. मागच्या खोलीतून थर्माकोलच्या ताटांचे खोके आले. ते सकाळपासूनच तिथे होते.

पण पत्रिकेत सत्कार छापलेला होता, तो कसा टाळणार? मी तिला मंचावर बोलावलं, 'वसुंधरेची लेक' म्हटलं. अध्यक्षांनी शाल दिली, तीही प्लास्टिकच्या पिशवीतली. फोटोसाठी तिला पत्रावळ छातीशी धरायला सांगितलं. तिने धरली. मागे पाहुणे थर्माकोलमध्ये दुसऱ्यांदा वरण घेत होते.

मंचावरून उतरून ती तिघींजवळ गेली. चौघी इटालियन फरशीवर मांडी घालून बसल्या, पुढ्यात आपल्याच पत्रावळी. वाढप्याने वरण वाढलं, तिने अजून मागितलं. थेंब गळला नाही. सगळा हॉल हातातली ताटं विसरून तिकडेच बघू लागला. ती शेवटपर्यंत जेवली, पत्रावळ दुमडली आणि शाल खुर्चीवर ठेवून निघाली.

अध्यक्षांना ते सोसेना. ते ओरडले, "मावशी, हे उरलेले गठ्ठे घेऊन जा बरं! आम्ही काय करू याचं?"

ती दारात वळली.

"राहू द्या, साहेब. तुमच्या तेरवीले कामी येतीन. तवा तरी लोकं खाली बसतीन!"