पाय दुखत नव्हता

"हा तुकडा पायात कधीपासून होता?" नगरच्या डॉक्टरांनी विचारलं. चिमट्यात ज्वारीच्या धसकटाचा टोकदार तुकडा होता. आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. पायात काही आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

याला डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणतात. म्हणजे शुगरमुळे पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतो नाहीतर निखारा पडो, माणसाला पत्ता लागत नाही. अंगठा काळा पडला होता, तो काढावा लागणार होता.

हे कसं झालं ते सांगते. माझी चूक झाकणार नाही.

शेवगावजवळ आमचं गाव. मी शाळेत बाई होते, त्यामुळे जन्मभर दुसऱ्याला शिकवायची खोड. यांना शुगर निघाली तेव्हा सगळा कारभार मी हातात घेतला. चहातली साखर बंद, ज्वारीची भाकरी, मेथी, जेवणानंतर फेरी. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर हेच सांगितलं होतं, आणि शुगर उतरलीही. तिथंच थांबले असते तर! पण मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला आणि मला नको ते शहाणपण सुचलं. गोळ्या बंद केल्या. सकाळी कारल्याचा रस द्यायचा आणि अनवाणी रानात पाठवायचं. मातीला पाय लागले की रोग पळतो, असं मी ठणकावून सांगायचे. हे बिचारे गप ऐकायचे. माझ्या तोंडाला कोण लागणार?

ज्वारी काढून झाली होती. रानात कापलेल्या ताटांची टोकदार धसकटं उभी होती. तिथं गुरंसुद्धा जपून पाय टाकतात. हे मात्र खुशाल चालायचे. एकदा म्हणाले, "पहिलं लई टोचायचं. आता टोचतबी न्हाई."

मला केवढा आनंद झाला! रविवारी चर्चमधून बाहेर पडताना चार जणींना थांबवून सांगितलं, बघा, कारल्यानं पायात कशी ताकद आली. कसली ताकद आणि काय! पायातला जीव चालला होता आणि मी मिरवत होते.

पुढं तळव्याला ओल दिसली. मी हळद भरली. वास यायला लागला तेव्हा कुठं नगर गाठलं.

ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून प्रार्थना करायला गेले. देवाकडं काय मागू? गोळ्या तर मीच बंद केल्या होत्या.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "भाकरी, भाजी, चालणं, सगळं चालू ठेवा. पण मला विचारल्याशिवाय गोळी बंद नाही. आणि घरातसुद्धा चप्पल."

त्या चौघींच्या घरी जाऊन मी माझेच शब्द मागे घेतले. तुमच्याही घरात शुगरवाल्याचे पाय दुखायचे थांबले असतील, तर आनंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. पथ्य पाळाच, मी आजही पाळायला लावते. पण माझ्यासारखा आगाऊपणा करू नका.

यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

रोज संध्याकाळी मी त्यांचा पाय मांडीवर घेते, चष्मा लावून तळवा बघते, बोटानं दाबून विचारते. परवाही विचारलं, "कळतंय का?"

"कळतंय की," ते खिडकीकडं बघत म्हणाले. "चांगलं कळतंय."

मी अजून बोट लावलंच नव्हतं.