चालत येणारा म्हातारा

फाटकापाशी आले की नाना हातात काय आहे ते मोठ्यानं सांगत. "येतोय. हातात किटली हाय." आतून कुणी 'या' म्हटल्याशिवाय ते कडीला हात लावत नसत. दूध घालायचं नसेल तेव्हा म्हणत, "येतोय. हात मोकळे हायेत." दसऱ्याला सोनं द्यायला आले तेव्हाही आपट्याची पानं जाहीर करूनच आत आले. पडेगावच्या आमच्या गल्लीत याची थट्टा चाले. समोरच्या बाई विचारत, "किटलीच असणार नाना, तोफ कुठून आणाल?" नाना हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किटलीची वर्दी देत.

ही थट्टा माझ्यापुरती एका सकाळी संपली. नाना अंगणात दूध मापत होते. माझी पत्नी कोथिंबीर कापायला विळी घेऊन त्यांच्या मागून आली. नाना वळले, किटली सुटली आणि दूध फरशीवर पसरलं. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की पत्नीनं विळी खाली ठेवून त्यांना ओट्यावर बसवलं. दुधाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "वहिनी, आवाज देत जा," एवढंच म्हणाले.

रंगनाथनाना फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. मिटमिट्याच्या बाजूला त्यांचा जमिनीचा तुकडा होता. त्यात ते चाऱ्याचा घास लावत, दोन म्हशी सांभाळत आणि आमच्या गल्लीत व छावणीत दूध घालत. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. माझे वडील भिक्षुकी करत. मी ती केली नाही, पण त्यांच्या पोथ्या मला टाकवल्या नाहीत. तेवढ्यावरून नाना मला 'देवा' म्हणत, आणि त्यात थोडी चेष्टाही असे.

ते श्रीलंकेच्या लढाईत होते. शांतता राखायला म्हणून आपली फौज तिथं गेली आणि जाफना शहर घेण्यासाठी तिला गल्लीगल्लीतून लढावं लागलं. नाना त्या गल्ल्यांत होते. परत आले तेव्हा देशाला ती लढाई नकोशी झाली होती. ते सांगत की औरंगाबादच्या स्टेशनवर त्यांना पहिला प्रश्न विचारला तो रिक्षावाल्यानं, की तिकडं कशाला गेला होतात. "बाकीच्या लढायांत मानसं इचारतात, कुठं लढला. आमाला इचारतात, का लढला. ते मला ठावं असतं तर मी हवालदार राह्यलो असतो का?"

पंधरा ऑगस्टला छावणीत जुने सैनिक जमत. एकाहत्तरच्या लढाईतले पुढच्या खुर्च्यांवर बसत. नाना मागे मंडपाच्या बांबूला टेकून उभे राहत. एकदा मी त्यांना पुढे चला म्हणालो. "ते जिंकलेले, देवा," ते म्हणाले. "आमी नुसते परत आलेलो."

एका वर्षी भाद्रपद लागला त्या आठवड्यात, दुपारी, ते माझ्या पुस्तकांच्या खोलीत आले. खुर्ची असून खाली बसले. शस्त्रानं मेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करतात हे खरं का, असं त्यांनी विचारलं. मी खरं आहे म्हणालो. आपले सोबती आठवत असतील, असं मला वाटलं. मग त्यांनी विचारलं, "आपन मारलेल्याचं करता येतं का?"

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमानं देतो. आदल्या दिवशी त्यांच्या तुकडीतले दोघे एका कुंपणाआडून आलेल्या गोळ्यांनी गेले होते. ताडाच्या झावळ्यांची उंच कुंपणं, पलीकडचं काही दिसत नाही. सकाळी ते एका घरापुढे थांबले असताना कुंपणातलं बाजूचं दार उघडलं. एक म्हातारा आवाज न करता बाहेर आला. त्याच्या हातात काहीतरी चमकलं. नानांनी गोळी झाडली. तो पाण्याचा तांब्या होता.

"आपल्याकडं दारात कुनी आलं की पानी देतात ना, तसंच," नाना म्हणाले. "मागं एक बाई उभी व्हती. ती रडली नाय. आली, आन् आडवा पडलेला तांब्या सरळ करून ठिवला. माझ्याकडं बघितलं नाय."

नाना तिथं थांबले नाहीत, कारण खरी गोष्ट त्यांना अजून सांगायची होती. तो म्हातारा तिथून आपल्या घराकडे निघाला आहे, असं ते मानत. "लई म्हातारा हाय. सावकाश चालतोय. मधी समुद्र हाय म्हनून उशीर लागला." त्यांच्या लेकीचं, मीराचं पहिलं मूल जन्मतःच गेलं, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यावर ते "पोचला" असं म्हणाले होते. मी शेजारी उभा होतो, आणि निरोप पोचला असं म्हणत असतील असं समजलो होतो. आता मीरा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस पितृपक्षातच भरत होते.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि त्या दुपारी अविश्वासही पुरा पडेना. मी वडिलांच्या पोथ्या काढल्या. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, हे मिळालं. ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठीही पाणी सोडायची सोय आहे, ती मी त्यांना वाचून दाखवली. नानांनी मान हलवली. "बेवारस म्हनून देऊ नगा त्याला. त्याला मानसं व्हती. मी बघितली." मग नातं काय सांगायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बाप म्हना. पोरगा दारात आला असता तर त्यानं असंच पानी आनलं असतं."

नानांच्या पत्नीला, सुमनवहिनींना हे कळलं तेव्हा त्या माझ्याकडेच आल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. घरात लेक अवघडलेली, आणि परक्या मेलेल्याला बाप म्हणून बोलवायचं? एकदा बाप म्हटलं की तो नातवंडावर हक्क सांगणार. मागोमाग आलेल्या नानांकडे त्या वळल्या. "ह्या घरात दोन बाप आनू नका. माझ्या लेकीवर बेतंल." नाना शांतपणे म्हणाले, "येतोच हाय तो, सुमन. दार आपल्या हातानं उघडू." त्या उठून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "भावजी, तुमी शिकलेले. काही झालं तर तुमाला इचारीन."

चतुर्दशीला नानांच्या गच्चीवर मी पोथी धरून बसलो. वहिनी वर आल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकही केला नाही. भात नानांनीच शिजवला होता, तो थोडा लागलेला. नावाच्या जागी मी थांबलो. नाना म्हणाले, "नाव नाय ठावं. जाफन्याचा म्हना." तिळाचं पाणी त्यांच्या अंगठ्याजवळून ताम्हनात पडत राहिलं. पाणी संपलं तरी त्यांनी हात तसाच धरून ठेवला. शेवटी मीच तो खाली घेतला. आम्ही भांडी आवरत होतो तेव्हा खालून मीराची हाक आली, आणि तिच्यामागून वहिनींची. त्या हाकेत माझं नाव होतं.

दवाखान्यात वहिनी माझ्याकडे पाहत नव्हत्या. नाना पहिल्या वेळच्याच जिन्यावर बसले होते. संध्याकाळ व्हायच्या आत मुलगा झाला. रडला. डॉक्टरीणबाईंनी दोघं ठीक आहेत म्हणून सांगितलं. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. मी धावत जिन्यापाशी गेलो आणि बाळ पाहायला चला म्हणालो. नाना उठले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण तो निरोप घेणाऱ्याचा होता. "तुमी बघा," ते म्हणाले. "मी बघाया गेलो तर तो माझ्यामागं आत यील. मी ह्याला घरी घेऊन जातो." आणि ते पडेगावकडे पायी निघाले. छावणीच्या रस्त्यानं ते रेंगाळत चालले होते. म्हाताऱ्या माणसाला सोबत करताना आपण चालतो तसे.

मीरा बाळाला घेऊन घरी यायच्या आधीच नाना गेले. दुपारी घासाच्या बांधावर बसले ते उठले नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. नातवाला त्यांनी पाहिलं नाही.

वर्ष होत आलं. नानांना मुलगा नव्हता, म्हणून श्राद्धाला मीराचा नवरा बसणार होता. तिथी विचारायला तो आणि वहिनी माझ्याकडे आले. मी पंचांग काढलं. मृत्यूची तिथी अमावास्येनंतरची, शुद्ध पक्षातली होती, आणि पितृपक्षातही त्याच तिथीला करायचं असतं, असं मी सांगू लागलो. वहिनींनी मला मधेच थांबवलं.

"चतुर्दशीला करा," त्या म्हणाल्या.

ती शस्त्रानं गेलेल्यांची आहे, नाना तर बांधावर बसल्या बसल्या गेले, असं जावई हळूच म्हणाला. वहिनींनी मांडीवरच्या नातवाच्या तोंडावरची माशी उडवली.

"गोळीनंच गेले ते. तुमाला दिसली नसंल." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आन् भावजी, पानं दोन वाढनार मी. दोघं बरुबरच येतील."